'अवर' आणि 'होरा' एकच शब्द आहे का? आणि मग 'तास' कुठला?

शिकवणीवाली_ताई
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. या आठवड्यात गाडी 'अवर' शब्दावर अडली. लिहिताना पुढे एच, बोलताना एच गायब, आणि म्हणून मागे 'अ' नाही तर 'ॲन' लावायचं, एवढं मुलं पाठ करून मोकळी होतात. पण एका मुलीनं विचारलं, आमचे आजोबा शुक्राचा होरा बघून नवीन माल भरतात, तो होरा पण तासाचाच असतो, मग अवर आणि होरा एकच का, आणि कुणी कुणाकडनं घेतला? प्रश्न मला फार आवडला, आणि अर्धवट उत्तर देऊन तिला गप्प बसवायचं नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनी नीट सांगा. 'तास' बद्दल पण सांगा.

नवी_पेठ
आमच्या दुकानात पण बघतेत होरा. शुक्राचा असला की चादरीचा गठ्ठा फोडायचा, शनीचा असला की चहा प्यायचा. धागा वाचायलोय, लिहा लिहा.

पंचांगाचा_नाद
ताई, होरा आपलाच आहे. 'अहोरात्र' मधला पहिला 'अ' काढा, शेवटचा 'त्र' काढा, मधे राहिलं होरा. हे मी मनानं सांगत नाही, ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातकात पहिल्याच अध्यायात आहे, सहाव्या शतकातला ग्रंथ, तेव्हा इंग्रजी भाषेला धड आकार पण आला नव्हता. राशीचा अर्धा भाग म्हणजे १५ अंश, त्याला होरा म्हणायचं. बारा राशींचे २४ अर्धे भाग, दिवसरात्रीत सगळे एकदा पूर्वेला उगवून जातात, म्हणून २४ होरा. अडीच घटका म्हणजे एक होरा. सगळं गणित जुळतंय बघा.

कोंतम_चौक
म्हणजे इंग्रजांनी चोरला! मला वाटलंच होतं.

अक्षरवेडा
@कोंतम_चौक, थांबा मालक, चोरी कुणाचीच नाही. @पंचांगाचा_नाद, तो श्लोक पुरा बघा ना. 'होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्' असं आहे. 'एके वाञ्छन्ति' म्हणजे काही लोक असं मानतात. वराहमिहिर दुसऱ्यांचं मत नोंदवतोय. मूळ शब्द ग्रीक आहे, 'होरा' असाच, आणि ग्रीकमध्ये त्याचा आधीचा अर्थ साठ मिनिटं नव्हेच, ऋतू, हंगाम, एखाद्या गोष्टीचा योग्य काळ असा होता. त्यांच्या ऋतूंच्या देवींना पण त्याच शब्दाच्या अनेकवचनानं ओळखतात. पुढं दिवसाचे भाग पाडायला लागले तेव्हा तोच शब्द त्या भागाला लागला.

तिथून दोन वाटा फुटल्या. एक वाट लॅटिनमध्ये गेली, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये, फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडवर राज्य करायला लागल्यावर इंग्रजीत. दुसरी वाट ज्योतिषाबरोबर भारतात आली. म्हणजे इंग्रजीतला अवर आणि आपला होरा हे बाप-लेक नाहीत, चुलतभाऊ आहेत. 'होरोस्कोप' मध्ये पण हाच होरा आहे, जन्माची वेळ बघणारा असा त्याचा अर्थ.

आणि होरा एकटा आला नाही. त्याच ग्रंथांत केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र, लिप्ता असे शब्द आहेत, सगळे ग्रीक. 'केंद्र' तर आपण रोज वापरतो, केंद्र सरकार, आरोग्य केंद्र, परीक्षा केंद्र, कुणाला परका वाटतो का? वराहमिहिरानं स्वतः बृहत्संहितेत लिहिलंय की यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, हे शास्त्र चांगलं रुजलेलं आहे म्हणून त्यांना पण ऋषींसारखा मान मिळतो. त्याला घेण्यात कमीपणा वाटला नाही.

पंचांगाचा_नाद
केंद्र ग्रीक आहे हे मान्य, माहिती होतं. पण दिवसाची विभागणी आपल्याकडं ग्रीक यायच्या आधीपासून आहे हे पण लिहा की. वेदांगज्योतिषात दिवसाचे ३० मुहूर्त आणि ६० नाडिका आहेत. नाडिका म्हणजेच घटका, २४ मिनिटांची. घटकेची साठ पळं. साठाचा हिशोब आपल्याकडं पण जुनाच.

अक्षरवेडा
१०० टक्के. घटका, मुहूर्त, प्रहर आपले, २४ भागांचा होरा बाहेरचा. दोन्ही हिशोब एकाच पंचांगात शेजारी नांदले. २४ भाग मूळचे इजिप्तचे, दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा, साठाचा हिशोब बाबिलोनचा, आणि ग्रीकांनी ते एकत्र बांधले. तासाच्या 'पहिल्या बारीक भागा'ला लॅटिनमध्ये जे म्हणत त्यातला 'बारीक' म्हणजे मिनिट, आणि 'दुसऱ्या बारीक भागा'तला 'दुसरा' म्हणजे सेकंद. सेकंद हँड आणि घड्याळाचा सेकंद यांतला सेकंद शब्द एकच आहे.

बार्शी_लाईट
होरा वरून आठवलं, 'माझा होरा खरा ठरला' म्हणतो आपण, म्हणजे अंदाज. तो पण हाच?

पंचांगाचा_नाद
हाच. होराशास्त्र म्हणजे फलज्योतिष, त्यावरनं भाकीत, आणि भाकितावरनं अंदाज. क्रिकेटवाले आणि निवडणुकीवाले सगळ्यात जास्त वापरतेत.

बार्शी_लाईट
लै भारी. म्हणजे इंग्रजीत तो तास झाला आणि मराठीत अंदाज. आमच्या इकडच्या एसटीच्या वेळापत्रकात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

शिकवणीवाली_ताई
@अक्षरवेडा खूप छान लिहिलंत. पण मग एच लिहितात कशाला? फ्रेंचांनी बोलायचा सोडला तर लिहायचा पण सोडायचा होता.

अक्षरवेडा
सोडलाच होता. लॅटिन लोकांच्याच तोंडातनं तो उच्चार कधीच गेला होता, जुन्या फ्रेंचमध्ये शब्द बिनएचचा पण लिहीत. पुढं लॅटिन येणाऱ्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाचा मान राखायला म्हणून एच परत लिहिला. मुलांना हे चारही शब्द एकदम द्या: अवर, ऑनर, ऑनेस्ट, एअर म्हणजे वारस. चारही फ्रेंच वाटेनं आलेत, चारींमध्ये एच मुका, चारींच्या मागे 'ॲन'. हाऊस, हँड, हार्ट हे इंग्रजांचे घरचे शब्द, त्यांचा एच बोलका.

शिकवणीवाली_ताई
हे फळ्यावर जाणार.

पंचांगाचा_नाद
होऱ्याचा खरा चमत्कार तर अजून कुणी सांगितलाच नाही. वारांचा क्रम होऱ्यावरनं आलाय. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु हा क्रम आकाशात कुठंच दिसत नाही. ग्रह संथ ते जलद असे लावा: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. आता शनिवारी सूर्योदयाचा पहिला होरा शनीला द्या, दुसरा गुरूला, तिसरा मंगळाला, असं फिरत चला. आठवा, पंधरावा, बाविसावा परत शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, संपला दिवस. दुसऱ्या दिवशी पहिला होरा रवीचा, म्हणून रविवार. तिथनं परत मोजा, सोमवार येतो. २४ ला ७ नं भागलं की बाकी ३ उरते, म्हणून रोज तीन घरं पुढं. 'आ मंदात् शीघ्रपर्यंतं होरेशाः' असं आम्हाला लहानपणी पाठ करून घेतलंय.

नवी_पेठ
कागदावर करून बघितलं. खरंच येतंय की वो! मंगळवार, बुधवार सगळं बरोबर पडलं. एवढी वर्षं होरा बघतोय पण हे कुणीच सांगितलं नव्हतं.

अक्षरवेडा
आणि म्हणूनच रोममध्ये शनीचा वार, रवीचा वार आणि आपल्याकडं शनिवार, रविवार, क्रम तोच. मध्य प्रदेशात एरणला ४८४ सालचा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख आहे, त्यात तिथीबरोबर गुरुवार लिहिलाय, आपल्याकडच्या वाराच्या अगदी जुन्या नोंदींपैकी तो आहे. त्याआधी तिथी आणि नक्षत्र सांगायची पद्धत. अवर शब्दाचा भाऊ आपल्याकडं येताना आठवडा पण घेऊन आला असं म्हणायला हरकत नाही.

पूर्वभाग_पोरगा
आता 'तास' कडं वळू या का? आमच्या घरी तेलुगू. आम्ही तासाला 'गंट' म्हणतो. शेजारी कन्नड आहेत, त्यांचं 'गंटे'. मागच्या बोळात उर्दूवाले, त्यांचं 'घंटा'. तिघांचा पण अर्थ घंटाच. म्हणजे आमच्या गल्लीत चार भाषांपैकी तीन भाषांत तास म्हणजे घंटा, एकटं मराठी वेगळं. का बरं?

विजापूर_रोड
थोडं थांबा भाऊ, आमचं उत्तर कर्नाटकाचं कन्नड 'तासु' पण म्हणतं. 'एरड तासु' म्हणजे दोन तास. बेंगळुरूवाले गंटे म्हणतात, आमच्या इंडी-विजापूरकडं तासु चालतं. मराठीनं दिलं का कुणी दिलं माहीत नाही पण शब्द तोच.

मिलवाल्याची_लेक
तास म्हणजे पण वाजवायची वस्तूच आहे हो! 'घटका गेली पळे गेली तास वाजे झणाणा' म्हणतो ना आपण. तिथं तास वाजतोय. साठ मिनिटं कशी वाजतील? तास म्हणजे धातूची थाळी, टोला मारायची.

अक्षरवेडा
@मिलवाल्याची_लेक, एकदम नेमकं. फारसी-अरबीत 'तास' म्हणजे वाटी, थाळी, पेला. फ्रेंचमध्ये कपाला 'तास' म्हणतात तो पण तिकडनंच गेलेला. पाण्याच्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची, पाणी भरून ती बुडाली की घटका भरली, आणि लगेच थाळीवर टोला. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या वाटीचा आहे. लग्नात पण मुहूर्त गाठायला घटिकापात्र ठेवायचे. 'घड्याळ' शब्द पण आधी त्या टोल्याच्या थाळीचाच, काटेवाल्या यंत्राला नंतर लागला.

म्हणजे @पूर्वभाग_पोरगा, तुमच्या गल्लीत मराठी वेगळं नाहीच. चारही भाषांत आवाजावरनंच नाव पडलंय. इंग्रजी 'क्लॉक' सुद्धा मूळ घंटाच, मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'क्लोका' म्हणजे घंटा. सगळ्यांनी आधी वेळ ऐकली, मग बघितली.

मिलवाल्याची_लेक
ऐकली यावरनं भोंगा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोलापुरात १८७० च्या दशकात जुनी मिल सुरू झाली, पुढं विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, आणि अख्खं गाव भोंग्यावर चालायला लागलं. माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं आणि कुणाला लागायचं पण नाही. पहिला भोंगा झाला की आई चुलीवरनं भाकरी उतरवून डब्यात भरायची, दुसऱ्या भोंग्याला वडील उंबऱ्याबाहेर. शेजारच्या बायका नळाचं पाणी, पोरांची शाळा, सगळं भोंग्यावर सांगायच्या, 'दुपारच्या भोंग्याला ये' म्हणायच्या. किती वाजले हे कुणी विचारत नव्हतं, कुठला भोंगा झाला ते विचारायचे. आणि वडील 'आठ तास' म्हणायचे नाहीत, 'पाळी' म्हणायचे. तास हा शब्द ओव्हरटाइमला. जास्तीचं काम तासावर मोजलं जायचं, नेहमीचं पाळीवर. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम नाही, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं बसलं, आणि त्यासाठी कामगार किती वर्षं भांडलेत. अवर शब्दाचा हा अर्थ पण मुलींना सांगा ताई. वर्किंग अवर्स मध्ये अनेकवचनी एस आहे त्याच्या मागं माणसं आहेत.

शिकवणीवाली_ताई
सांगणार. मनापासून आभार.

नान्नजकर
आम्हा शेतकऱ्यांचा तास राहिलाच. नांगराची एक ओळ म्हणजे एक तास. 'चार तासं मारून येतो' म्हणलं की चार ओळी, चार अवर नव्हे. आमच्या पुण्याच्या पाव्हण्यानं ऐकलं आणि जेवायला थांबायचं का निघायचं ठरवता येईना त्याला.

अक्षरवेडा
तो तास वेगळ्या मुळाचा, तासणे, ओरखडणे यातला. लिहायला सारखा, नातं नाही.

नान्नजकर
असंल. पण इंग्रजीत 'इलेव्हन्थ अवर' म्हणतेत ना ऐनवेळी या अर्थानं, ते कुठनं आलं? बारा वाजायच्या आधी म्हणून अकरा का?

सेंट_कॉन्व्हेंट_९२
नाही दादा, ते बायबलमधलं आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात, आणि गोष्ट तुमच्याच कामाची आहे, द्राक्षबागेची! मालक पहाटे मजूर आणतो, एक दिनार रोज ठरतो. मग तिसऱ्या तासाला अजून काही आणतो, सहाव्याला, नवव्याला, आणि शेवटी अकराव्या तासाला. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. तिथं तास सूर्योदयापासून मोजलेत, बारावा संपला की सूर्य मावळला. अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाचच्या सुमारास.

नान्नजकर
पाचला आलेल्याला पूर्ण रोज? आमच्या बागेत हे केलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया पाचलाच येतील. छाटणी कोण करणार?

सेंट_कॉन्व्हेंट_९२
गोष्टीतले पहाटेचे मजूर पण हेच म्हणून भांडतात. आणि 'नून' बघा, म्हणजे दुपारचे बारा, तो शब्द लॅटिनमधल्या 'नववा' वरनं आहे. नववा तास म्हणजे दुपारी तीनच्या आसपासची प्रार्थना. हळूहळू प्रार्थना आणि जेवण अलीकडे सरकलं आणि नववा तास बारा वाजता येऊन बसला.

गणिताचे_सर
इथं एक महत्त्वाची गोष्ट राहायलीय. ते जुने तास साठ मिनिटांचे नव्हते. उजेडाचे बारा भाग केले की उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात लहान. आपल्या सोलापूरचं बघा, जून अखेरीस दिवस तेरा तासांच्या थोडा वर, डिसेंबरात अकराच्या आसपास. म्हणजे जूनचा तास सुमारे ६६ मिनिटांचा आणि डिसेंबरचा ५५. आपण विषुववृत्ताच्या जवळ म्हणून फरक कमी, लंडनला तो प्रचंड. चौदाव्या शतकात युरोपात मनोऱ्यांवर टोल्याची यंत्रं बसली, यंत्राला ऋतू कळत नाही, तेव्हापासून व्यवहारात सारखा तास रुजला. त्याआधी सारखा तास खगोलवाल्यांच्या वहीत होता.

आणि १२ वाजता सूर्य डोक्यावर हे पण सोलापुरात खरं नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७५.९ च्या जवळ, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी आपला खरा मध्यान्ह. अंगणात काठी रोवून सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते मुलांना बघायला लावा. वर्षभरात पंधरा-सोळा मिनिटं इकडं तिकडं होतं, पण बाराला कधीच येत नाही.

नवी_पेठ
मग सर, होरा ६० मिनिटांचा धरायचा का ६६ चा?

पंचांगाचा_नाद
दोन्ही पद्धती आहेत. काही जण सूर्योदयापासून साठ-साठ मिनिटं मोजतात, काही दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे, बारा भाग करतात. मी बारा भागवाला. राहुकाळ, म्हणजे रोजची अशुभ मानलेली वेळ, पण तसाच, दिनमानाचे आठ भाग. पूर्व भागातली तेलुगू मंडळी आणि कन्नड मंडळी तो कटाक्षानं पाळतात, त्यांना विचारा, सोमवारचा साडेसात ते नऊ हा फक्त सहाला सूर्य उगवला तरच बरोबर. डिसेंबरात इथं सूर्य उगवायलाच सातला थोडा कमी असतो.

वायरमन_अण्णा
लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर हे पण अवरच. १००० वॉटचा गिझर एक तास चालवला की एक युनिट. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं ते अँपिअर-अवर. लोक विचारतेत १५० तास चालंल का अण्णा. नाही, पंधरा अँपिअर ओढलं तर हिशोबानं दहा तास, प्रत्यक्षात त्याच्या आतच. इथं अवर म्हणजे वेळ नाही, वेळ गुणिले काहीतरी. मॅन-अवर पण तसंच.

बार्शी_लाईट
आणि संसदेतला 'झिरो अवर'! मराठीत 'शून्य प्रहर' म्हणतात. प्रहर तर तीन तासांचा. 'क्वेश्चन अवर' ला मात्र 'प्रश्नोत्तराचा तास'. शब्द एक, भाषांतरं दोन.

गणिताचे_सर
आणि शाळेतला गणिताचा तास ३५ मिनिटांचा, त्याला पण तासच. मुलांना तो प्रहर वाटतो हा भाग वेगळा.

पणजी_रिटर्न
सोलापूरचीच, पण गोव्यात नोकरी केली. कोकणीत 'धा वरांचेर' म्हणजे दहा वाजता. हा 'वर' पोर्तुगीज 'ओरा' वरनं, आणि तो लॅटिनच्या त्याच शब्दावरनं. म्हणजे एकाच शब्दाची तीन रूपं भारतात आहेत, संस्कृतातनं होरा, पोर्तुगीजांकडनं वर, इंग्रजांकडनं अवर.

अक्षरवेडा
क्या बात है! जर्मन 'ऊर' म्हणजे घड्याळ, ते पण जोडा.

शिकवणीवाली_ताई
सगळ्यांचे आभार. त्या मुलीला सांगायला आता भरपूर आहे. एकच विचारायचं राहिलं, फ्रेंच यायच्या आधी इंग्रज तासाला काय म्हणत होते? काहीतरी म्हणतच असतील ना.

अक्षरवेडा
म्हणायचे ना. 'टीड', म्हणजे आजचा 'टाइड'. वेळ, घटका, सण असा अर्थ. म्हणून नाताळाला 'यूलटाइड'. जर्मन भाषेत वेळेला 'त्साइट' म्हणतात तो याचाच भाऊ. 'टाइम अँड टाइड' या म्हणीतला टाइड पण मूळ समुद्राचा नाही, वेळेचाच. आणि अजून एक, ग्रीक होरा ज्या अतिप्राचीन मुळापासून आला त्याच मुळापासून इंग्रजीचा घरचा शब्द 'इयर' आलाय. म्हणजे वर्ष आणि तास सख्खे, एक घरी राहिला आणि दुसरा ग्रीस-रोम-फ्रान्स फिरून परत आला.

कोंतम_चौक
मग समुद्राची भरती-ओहोटी कशी काय टाइड झाली?

अक्षरवेडा
भरती ठरलेल्या वेळेला येते म्हणून. आधी 'भरतीची वेळ' असा अर्थ, मग वेळ गळाली आणि भरती राहिली. तोवर तासासाठी फ्रेंचांचा अवर येऊन बसलाच होता, त्यामुळं टाइडला ती जागा लागली नाही.